पुलापलीकडचं कौतुक

जोहोरमधल्या मसाई गावात, बैठ्या घरात जुबैदा म्हातारी अकरा वर्षं राहिली आणि अकरा वर्षं तिने एकच पाढा म्हटला: पुलापलीकडे, सिंगापुरात, माझ्या मुलाकडे कसं सगळं झकास आहे! वुडलँड्सला लिफ्ट थेट नवव्या मजल्यावर नेऊन सोडते. वुडलँड्सला बस पाटीवर लिहिलेल्या मिनिटाला येते. आणि इकडे जोहोरला? कचऱ्याची गाडी तीन-तीन दिवस फिरकत नाही, नळ कधी कोरडा पडेल त्याचा नेम नाही, अन् मोटरसायकलवरचे चोर भर दुपारी बायकांच्या पर्सा हिसकावून नेतात. म्हातारी बोलायची त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते ऐकावं लागायचं रोहायाला, जसं काही नळाचं पाणी तिनेच अडवून धरलं होतं.

रोहाया ही धाकटी मुलगी, आईची हाया. वय शेहेचाळीस, लग्न राहून गेलेलं. सकाळी आईला आंघोळ घालायची, तिच्या गोळ्या काढून ठेवायच्या, कोपऱ्यावरच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये तीनशे पोरांचा भात रांधायचा आणि मधल्या सुट्टीत धावत येऊन आई पडली-बिडली नाही ना ते बघायचं. दोनदा पडली होती न्हाणीघरात. त्यावरही म्हातारीचं म्हणणं ठरलेलं, "झुलकडच्या फरशीवर माणूस घसरत नाही."

झुल म्हणजे झुल्किफ्ली, थोरला. तिकडच्या सुर्यातीशी लग्न केलं आणि तिकडचाच झाला. दर दुसऱ्या शनिवारी स्वारी गाडी घेऊन हजर. इकडे सगळं स्वस्त, म्हणून गाडी धुऊन घ्यायची, केस कापून घ्यायचे, डिकीभर वाणसामान भरायचं, बहिणीच्या हातचा चिंचेतला मासा चापायचा आणि जाताना अंगणात उभं राहून उसासा टाकायचा, "तुमची मजा आहे बुवा! केवढी ही मोकळी जागा!" आईला चार दिवस घेऊन जातो, असं मात्र त्या तोंडातून एकदाही निघालं नाही.

आणि अशात रोहायाला ती नोकरी चालून आली. पलीकडे सेनोकोला शाळांना जेवण पुरवणारं मोठं स्वयंपाकघर होतं, तिथे मुख्य आचारी. हाताखाली चौदा माणसं! पहाटे चारला कामगारांच्या बसने निघायचं, रात्री आठला परत. या वयात असं पुन्हा कोण विचारणार होतं? पण आईला दिवसभर एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. तिने झुलला फोन लावला.

"दादा, आता तुझी पाळी."

"अगं, आमच्याकडे जागा कुठेय? तीन खोल्यांत आम्ही पाच जण."

"अकरा वर्षं ती तुझ्या त्या तीन खोल्यांचे गोडवे गातेय. आता राहू दे की तिला त्यांत."

झुलने बरेच आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाला, "दोन महिने ठेवून बघू."

जायच्या दिवशी जुबैदाने ईदचा निळा झगा घातला होता. गाडीत बसली ती पोरीकडे वळून न बघताच. रोहायाच्या ते जिव्हारी लागलं. तरी तिने मनाला समजावलं की बाई, आता सुटलीस. सेनोकोहून पांढरे कोट आणि टोप्या आल्या, त्या तिने घालूनसुद्धा पाहिल्या. सोमवारपासून कामावर जायचं होतं.

आदल्या गुरुवारी दुपारी कॅन्टीनमध्ये भांडी घासताना झुलचा निरोप आला. नुसता आवाज होता, त्याच्या घरातलं बोलणं टिपलेला. पहिला आवाज सुर्यातीच्या आईचा, हज करून आलेल्या मैमोनबाईंचा. "कशा हो राहता तिकडे? चोर काय, पाण्याचे वांधे काय! मला तर बाई एक रात्र झोप लागायची नाही."

आणि मग आईचा आवाज, चांगला ठणठणीत. "कोण म्हणतं? आमच्या हायाचं घर बघायला या एकदा. दोन गाड्या मावतील एवढं अंगण, दारात फणस. पोरगी मला पेला उचलू देत नाही. नारळाचं दूध हाताने पिळते, तुमच्यासारखं डब्यातलं नाही. असली लेक मिळायला नशीब लागतं, मैमोनबाई. मी तर सांगते, हवे तर दोन मुलगे घ्या, पण ही एक लेक राहू द्या मला."

रोहायाने ते पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मग तांदळाच्या कोठीत गेली, दार लोटून घेतलं आणि पोत्यावर बसून हमसून हमसून रडली. एवढं सगळं होतं म्हातारीच्या पोटात! मग बाहेर काढायला काय झालं होतं इतकी वर्षं?

पाच मिनिटांत झुलचा फोन आला. आवाज नुसता मधात घोळलेला.

"ऐकलंस ना? तिचा सगळा जीव तुझ्यात अडकलाय गं. इथे नुसती खिडकीपाशी बसून असते. काल तिने जवळ्याचं बेलाचान भाजलं तर त्या वासावरून शेजारीण भांडायला आली. सुर्याती कातावली. आईला इथे सुख नाही. शनिवारी आणून सोडू का?"

भाऊ किती बेरकी आहे हे रोहायाला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. नाही म्हणायचं, हे तो वाक्य पुरं करायच्या आतच तिचं ठरलं होतं. पण कानात आईचा तो आवाज होता, आणि तोंडातून निघालं, "आण."

संध्याकाळी तिने सेनोकोला फोन करून नोकरीला नकार कळवला. पलीकडच्या बाईने कारणही विचारलं नाही. रांगेत दुसरी होतीच.

शनिवारी झुलने आईला आणि तिच्या बॅगेला दारात उतरवलं. "पुलावर तीन तास काढले, आता थांबत नाही," म्हणाला आणि गाडी धुवायला गेला. रोहायाने सकाळपासून खपून मासा केला होता, नारळाचं दूध पिळून भाजी केली होती. जुबैदा ताटासमोर बसली, पण घास काही घेईना.

"आई," रोहाया लाजत लाजत म्हणाली, "मैमोनबाईंपाशी बोललीस ते मी ऐकलं."

"तुला कोणी ऐकवलं?"

"दादाने पाठवलं, फोनवर."

"मेल्याने चोरून टिपलं होय!" म्हातारी भडकली. "मग काय करणार होते मी? ती बया नाकाने कांदे सोलत होती. तिच्यासमोर सांगू, माझी पोरगी गटाराच्या काठावर राहते म्हणून? घराण्याचं नाक कापून देऊ तिच्या हातात?"

"म्हणजे ते खरं नव्हतं?"

"खरं कसलं डोंबलाचं! फणस जाऊन दोन वर्षं झाली."

"फणसाचं नाही विचारत मी."

ते म्हातारीच्या कानावरच गेलं नाही. ती आपल्याच दुःखात होती. "मला तिथेच राहायचं होतं गं! सुनेची बोलणी खाल्ली असती, खिडकीत बसून राहिले असते, काय वाटेल ते केलं असतं. त्याने बॅग भरायला काढली तरी मी निर्धास्त होते. म्हटलं, हायाला नोकरी लागलीय, ती कशाला परत घेतेय मला! तू नाही म्हणायचंस ना! एवढं साधं कळलं नाही तुला?"

"नाहीच म्हणणार होते," रोहाया म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याबद्दल बरं बोललीस, म्हणून हो म्हटलं."