एका गाडीची एवढी दुखणी

सिस्टरने हॉर्न दाबला आणि गाडीने चक्क म्याऊ केलं.

पुढे सायकलवर एक गृहस्थ रमतगमत चालले होते. त्यांनी मांजर कुठे आहे म्हणून चाकाखाली वाकून पाहिलं. सिस्टरने पुन्हा हॉर्न दाबला. पुन्हा म्याऊ. तिने ब्रेकवर पाय ठेवला, तर काचेवरची धूळ पुसणारे वायपर अर्ध्यावर येऊन धापा टाकायला लागले. डावा इंडिकेटर लावला, तर दोन्हीकडचे मिणमिणले, जणू कुठे जायचंय हे गाडीलाच ठाऊक नाही. पुलाखाली अंधार होता म्हणून पुढचे दिवे लावले, तर ते काजव्याएवढे, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा टुणकन उडी मारून लाल पट्ट्यात! दिवे बंद केले. काटा शहाण्यासारखा खाली.

“दिवे लावले की ताप, विझवले की बरं,” सिस्टर दातओठ खात म्हणाली. “असला ताप मी परीक्षेच्या दिवशी पोरांना आलेला बघितलाय!”

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सिस्टरचं सगळं काम या फिकट निळ्या, वडिलांच्या मागे राहिलेल्या गाडीवर चालायचं. घरोघरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं. गाडी बसली की गावाच्या चारी टोकांना माणसं दाराकडे डोळे लावून बसणार.

आणि सिस्टर स्वभावाने कशी? तर दुधाने दूध असल्याचं शपथेवर सांगितलं तरी वास घेऊन बघणारी. भाजीवाल्याच्या तराजूखाली मान घालून वाकायची. औषधाच्या बाटलीवरची तारीख दुकानात वाचायची, दुकानाच्या पायरीवर वाचायची आणि घरी येऊन चष्मा लावून वाचायची. कुलूप लावलं की ओढून बघायची, फाटकापर्यंत जाऊन परत येऊन ओढायची. तिच्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, म्हणायची, “वन्सं, तुम्हाला स्वर्गात नेलं ना, तरी आधी विचाराल, पाठीमागच्या दारानं तर नाही ना घेतलं मला?”

अशा सिस्टरचा सगळ्या जगात एकाच माणसावर विश्वास होता. उस्तादवर. हा गॅरेजवाला. गाडीची दुसरी किल्ली त्याच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली असायची. भावाकडे नाही, वहिनीकडे नाही, उस्तादकडे! कधी गाडी दाखवायला गेली की ती स्टुलावर बसून त्याच्या हातचा चहा प्यायची, आणि घोट घ्यायच्या आधी वास घ्यायची नाही. तिच्या हिशेबी हे म्हणजे जवळपास लग्नच.

आणि आता त्याच उस्तादवर तिला संशय आला होता.

“कधीपासून सुरू झालं हे?” अंगणात कपडे वाळत घालता घालता वहिनीने विचारलं.

“ब्रेकचं काम करून आणली गॅरेजातून, त्यानंतर. त्याआधी एक शिंक नव्हती गाडीला.”

“म्हणजे उस्ताद?”

“मी कुठे नाव घेतलं?”

“चेहऱ्यानं घेतलंत की.”

सिस्टरने बॉनेट उघडलं. आत डोकं घातलं आणि तशीच थिजली. बॅटरीच्या अंगावर तिने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी खूण म्हणून लावून ठेवली होती. उस्तादसाठी नव्हे हो, एकूणच जगासाठी. ती पट्टी गायब होती.

“बॅटरी बदलली,” ती पुटपुटली. “माझी चांगली काढली, कुणाचीतरी मेलेली घातली.”

“पण वन्सं, रविवारी दिवसभर तुम्हीच नव्हतात का बॉनेट उघडून बसलेल्या? हातात ब्रश घेऊन?”

“ते काम नव्हे. ती स्वच्छता.” सिस्टरने बॉनेट धाडकन खाली टाकलं. “कुठे कुठे गंज आला होता. मी घासून रंग दिला. त्या नादात पट्टीकडे बघितलंच नाही. गाडी काय, माणूस काय, स्वच्छता ठेवल्यानं कुणी आजारी पडत नाही.”

वहिनीने चिमटा तोंडात धरला होता, म्हणून ती काही बोलली नाही. नाहीतर बोलली असती.

खरं सांगायचं तर सिस्टरला बॅटरीचं काही वाटत नव्हतं. बॅटरी काय, नवी येते. पण उस्ताद चोर निघाला, तर इतकी वर्षं आपण कुणाच्या हातचा चहा वास न घेता पीत होतो? मग या जगात उरलं कोण? हा प्रश्न घशात अडकलेल्या गोळीसारखा खालीही जाईना आणि वरही येईना. आणि घशात काही अडकलं की माणूस आधी ओरडतो.

ती गॅरेजात पोचली तेव्हा उस्ताद एका गाडीखाली होता. बाहेर फक्त पाय. बाकावर एक टॅक्सीवाला आणि एक शाळामास्तर आपापल्या गाड्यांची वाट बघत बसले होते.

“माझी बॅटरी बदललीत तुम्ही,” सिस्टर त्या पायांना म्हणाली.

पाय हलायचे थांबले. मग सावकाश अख्खा उस्ताद बाहेर आला.

“काय म्हणालात?”

“पट्टी लावली होती मी बॅटरीला. पांढरी. ती नाहीये.”

“हां, ती! अहो, पांढरं बुरशीसारखं साचलं होतं बॅटरीवर. गरम पाण्यानं धुतली. त्यात निघाली असेल पट्टी.”

“असेल?”

“निघाली.”

“आधी ‘असेल’, आता ‘निघाली’. पेशंट असा बोलायला लागला ना उस्ताद, की मी ओळखते, यानं गोळी उशीखाली लपवलीय.”

टॅक्सीवाला खोकला. मास्तरांना भिंतीवरचं कॅलेंडर एकाएकी फार वाचनीय वाटायला लागलं.

उस्ताद हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “सिस्टर, काय होतंय गाडीला? ठेवून जा. दोन दिवस शांतपणे बघतो.”

“ठेवून जाऊ? म्हणजे उरलेलंही बदलाल?”

बोलून गेली. तोंडातून शब्द सुटला आणि तिलाच ऐकू आला, भांडं पडल्यासारखा. पण सुटला तो सुटला.

उस्तादने हात पुसले. बोटं एकेक करून पुसली. खिळ्यावरची किल्ली काढली, फडक्याचा स्वच्छ कोपरा शोधून तीही पुसली आणि तिच्या हातात न देता निळ्या बॉनेटवर ठेवली.

“ही तुमची किल्ली, मॅडम.”

मॅडम! गावात सगळे तिला सिस्टर म्हणायचे, भटकी कुत्रीसुद्धा तिच्या गाडीच्या आवाजाला ओळखीचं शेपूट हलवायची. मॅडम तिला कुणीच म्हटलं नव्हतं.

ती ताठ मानेने चौकातल्या नव्या, चकचकीत काचा लावलेल्या गॅरेजात गेली. तिथल्या पोशाखवाल्या मेकॅनिकने गाडी तपासायचं यंत्र आणलं, वायर हातात घेतली आणि गाडीभोवती चक्कर मारून म्हणाला, “ह्याला वायर लावायला जागाच नाहीये.” गाडी त्याच्या यंत्राच्या आधी जन्मलेली! तरीही त्याने घाईघाईत निदान केलं. हॉर्न बदला, वायपरची मोटर बदला, इंडिकेटरचं बटण बदला, काट्याचं मीटर बदला, जमलं तर गाडी बदला. सिस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. ती निघाली. दुखणं तसंच, आणि आता दाखवायला वैद्यही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवेवाल्या आजोबांकडे जायचं होतं. या आजोबांनी जन्मभर नाटकांच्या रंगमंचावर दिवे टाकले होते. आता पायाला न भरणारी जखम घेऊन खिडकीशी पडून असायचे आणि रस्त्यावरच्या माणसांना मनातल्या मनात निळा, पिवळा प्रकाश देत बसायचे.

“आज हात कडक आहे गं तुझा,” पट्टी सुटताना आजोबा कळवळले. “कुणाचा राग माझ्या पायावर काढतेस?”

सिस्टरने सगळं सांगितलं. म्याऊसकट. आजोबा असे हसले की जखम धुणं थांबवावं लागलं.

“बॅटरी मेलेली असेल तर गाडी सुरू कशी होते?”

“होते. एका झटक्यात होते.” सिस्टरचा हात थबकला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“मग बॅटरी ठणठणीत आहे. आता मला सांग, एखाद्याला ताप आला, अंग दुखतंय, चक्कर येतेय, जेवण जात नाही, तर तू चार आजार धरतेस?”

“छे! आजार एकच. बाकी सगळी त्याची...” हे वाक्य ती पेशंटच्या नातेवाइकांना ऐकवायची. डोळे वटारून ऐकवायची.

“वीज नुसती जात नाही गं. तिला परत यावं लागतं. दिव्यापर्यंत तारेतून जाते आणि येताना गाडीच्या पत्र्यातून येते. ही परतीची वाट कुठेतरी अडलीय. मग ती मिळेल त्या घरात शिरते. ब्रेकची वायपरच्या घरात, दिव्याची काट्याच्या घरात. डिकीत जाड केबल आहे? दोन्ही टोकांना चिमटे असलेली?”

होती. सिस्टरच्या डिकीत काय नव्हतं! पट्टी बांधून झाल्यावर तिने गाडी खिडकीखाली आणली. आजोबा सुनेच्या खांद्याला धरून उठून बसले आणि वरून सूचना द्यायला लागले, जणू पडदा वर जायचाय.

“काळ्या तारेचं टोक, हां, बॅटरीचं वजा. एक चिमटा तिथे. दुसरा पत्र्याला. रंग नसलेल्या जागी लाव, एखाद्या स्क्रूला! आता वाजव!”

सिस्टरने हॉर्न दाबला. समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. दिवे लावले, दिवे लखलखीत, काटा जागेवर. वायपर लावून ब्रेक दाबला, वायपर सळसळत राहिले. चिमटा काढला. म्याऊ.

“परतीची तार बघ,” आजोबा ओरडले. “बॅटरीपासून पत्र्यापर्यंत. इंजिनाची वेगळी असते, ती नव्हे. हिला हात लावला असेल कुणीतरी!”

सिस्टरने बॅटरीच्या काळ्या तारेवर बोट ठेवलं आणि नाडी शोधावी तसं बोट पुढे पुढे नेलं. तार संपली तिथे एक बोल्ट होता. बोल्टखाली रंग होता. गुळगुळीत, राखाडी, एकही फुगा नसलेला सुंदर रंग.

तिचाच.

तिला तो रविवार आठवला. तिने हा बोल्ट खोलला होता. खाली नाण्याएवढी गोल जागा निघाली, कातडी सोललेली, धातू उघडा. सगळ्या पत्र्याला रंग आणि इथेच बिचारं उघडं! जिने जन्मात कुणाची जखम उघडी टाकली नाही, तिने ती जागा घासली, स्पिरिटने पुसली, बारीक ब्रशने रंगाचे हातावर हात दिले, फुंकर मारून वाळवले आणि वरून बोल्ट घट्ट आवळला. म्हणजे ड्रेसिंगच केलं होतं. ती जागा मुद्दाम उघडी ठेवलेली असते, वीज तिथूनच परत येते, हे तिला कुठे ठाऊक! गाडीला कुणाकुणाचे हात लागले, याची तिने झाडून सगळी उजळणी केली होती. आपले सोडून. आपले हात काय, स्वच्छ!

“सापडलं का?” खिडकीतून आवाज आला.

“सापडलं,” ती म्हणाली. वर न बघता.

तिने पिशवीतून नवं ब्लेड काढलं आणि तो रंग खरवडला. धातू चमकेपर्यंत. बोल्ट आवळला. गाडी ठणठणीत झाली. हॉर्न तर असा वाजला की आजोबांनी टाळ्या वाजवल्या. एरवी सिस्टरने असल्या विजयाचं वर्णन महिनाभर सगळ्यांना ऐकवलं असतं. ती गाडीत बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली.

गॅरेजात त्या वेळी बाकावर कुणी नव्हतं. उस्ताद डबा धूत होता.

“बॅटरी माझीच आहे,” सिस्टर दारातूनच म्हणाली. “मीच रंग दिला होता, तारेच्या बोल्टखाली. जखम समजून.”

उस्तादने नळ बंद केला. बॉनेट उघडलं, वाकला, बोल्ट खोलला. तिने खरवडलेल्या जागेच्या कडा पॉलिशपेपरने साफ केल्या आणि बोल्ट तिच्यापेक्षा जरा जास्त आवळला.

“रंग चांगला बसलाय,” तो म्हणाला.

“फुंकर मारून वाळवला होता.”

“दिसतंय.”

“काल चारचौघांत बोलले. आज चारचौघांत सांगायला आले, तर तुमच्याकडे कुणी नाही. मी उद्या येते. गर्दी असेल तेव्हा येते. बाकावर उभी राहून सांगते.”

“नको. बाक मोडका आहे.”

ती हसली. तो नाही हसला. तिने पर्समधून दुसरी किल्ली काढून तळहातावर धरली. उस्तादने किल्लीकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. तिथे आता एक फनेल लटकत होतं.

“राहू दे तुमच्याजवळ,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर सिस्टरला बरं वाटलं असतं. रागाची पट्टी कशी बदलायची ते तिला येत होतं.

“बरं,” ती म्हणाली. “येते.”

गॅरेजसमोरची गल्ली बोळासारखी होती. एका बाजूला भिंत, एका बाजूला उघडं गटार, आणि गाडी मागे घेऊनच बाहेर पडायचं. उस्ताद फडकं खांद्यावर टाकून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी राहायचा तसा.

“येऊ द्या... येऊ द्या... सरळ...”

सिस्टरने आजवर कुणाच्या हातावर गाडी मागे घेतली नव्हती. लोक कितीही “येऊ द्या” म्हणोत, ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकायची, नाहीतर सरळ उतरून गटार किती लांब आहे ते बघून यायची. आज तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मान समोर ठेवली. छोट्या आरशात ना भिंत दिसत होती, ना गटार. दिसत होता नुसता एक तेलाने काळा झालेला तळहात, हळूहळू आपल्याकडे बोलावणारा.

तो हलत राहिला तोवर ती मागे येत राहिली.