तांबडी उतरली ते बेट

नाथाजी समुद्रावर गेला तो त्याला कानडी येत होती म्हणून. नाहीतर जतच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या माणसाचा आणि शिडाच्या जहाजाचा काय संबंध?

पासष्ट साली पावसानं दगा दिला. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले, बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसू लागल्या. मेंढरं जगवायची तर शेरडं विकणं भाग होतं. मंगळूरचा एक व्यापारी सीमेपलीकडच्या बाजारात शेरडं घ्यायचा आणि लाकडी पडावांतून ती खोल समुद्रातल्या बेटांवर पाठवायचा. तिथं माड होते, मासे होते, पण मटणाचं जनावर बाहेरूनच यायचं. नाथाजीनं शेरडं दिली तसं व्यापाऱ्यानं त्यालाच पडावावर चल म्हणून गळ घातली. खलाशांना जनावरं सांभाळता येत नसत, वाटेत निम्मी दगावत. कानडी बोलणारा धनगर त्याला हवाच होता.

नाथाजीची वहिनी भामाबाई त्याला जाऊ नका असं एकदाच म्हणाली. तिचा नवरा ज्योतिबा, म्हणजे नाथाजीचा थोरला भाऊ, साठ साली असाच शेरडं घेऊन मंगळूरकडं गेला तो परत आलाच नव्हता. कुणी म्हणे पटकीनं गेला, कुणी म्हणे तिकडं दुसरं घर केलं. भामाबाई रोज कुंकू लावायची, आणि लावताना तिचं बोट कपाळाजवळ जरा थांबायचं. तिच्या भावानं कुंडलचं एक स्थळ काढलं होतं. बायको वारलेला, शांत स्वभावाचा शेतकरी. पण ज्योतिबा आहे की गेला हे ठरल्याशिवाय भावकीतले म्हातारे पाट लावायला राजी नव्हते, आणि खरं तर भामाबाईही नव्हती.

विकलेल्या शेरडांत एक तांबडी होती. जन्मताच तिची आई मेली, तेव्हा ज्योतिबानं फडक्याच्या बोळ्यानं दूध पाजून तिला जगवलं होतं. तो गेल्यापासून ती कुणाच्या मागनं जात नसे. कळपाबरोबर चालायची, पण अंग चोरून, बाजूबाजूनं. आता म्हातारी झाली होती, म्हणून तीही विकली.

पडाव निघाला तेव्हा नाथाजीच्या पोटात काही ठरेना. मग हळूहळू पाय स्थिरावले. वारा भरला की शिडं ताणायची आणि सगळं लाकूड भरल्या गाडीसारखं करकरायचं. एकेक बेट आधी हिरव्या रेघेसारखं दिसे, मग रेघेला माड फुटत. होड्या यायच्या, थोडी शेरडं उतरायची, खोबरं आणि काथ्या वर चढायचा. पाणी इतकं नितळ की टाकलेला नांगर वाळूवर पडलेला दिसायचा. नाथाजी तासन् तास त्या पाण्याकडं बघत बसे. चहूकडं एवढं पाणी, आणि प्यायला मात्र पडावाचा म्होरक्या तांडेल तांब्या मोजून द्यायचा. रात्री डोळे मिटले तरी ते पाणी हलतच राहायचं.

एका दुपारी वारा पडला. शिडं लोंबली आणि पडाव जागच्या जागी उभा राहिला. जवळच एक बुटकं बेट होतं. माड नाही, घर नाही. पांढरी वाळू आणि केवड्याची दाट झुडपं. तांडेलानं एक मातीचं मडकं गोड्या पाण्यानं भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि दोरीनं हलकेच समुद्रात सोडलं. घरी एका घागरीसाठी बायका उन्हात बसतात, आणि हा माणूस पाणी समुद्रात टाकतो. नाथाजीनं कारण विचारलं, पण तांडेलानं नुसती मान फिरवली.

आणि तेव्हा बेटावरून हाक आली.

जीभ टाळ्यावर मारून काढलेला आवाज आणि त्यामागं आखूड शीळ. ही हाक नाथाजीच्या बापाची. धनगराधनगराची हाक वेगळी असते, आणि ही हाक बापानं दोघा पोरांशिवाय कुणाला दिली नव्हती. नाथाजीला वाटलं, उन्हानं कान वाजले. पण फळ्यांवर बसलेली शेरडं उठली. एकूणएक शेरडानं मान वर केली आणि सगळी बेटाकडं तोंड करून उभी राहिली.

परत हाक आली. नाथाजीच्या तोंडातून उत्तर गेलं. त्यानं दिलं असं म्हणता येणार नाही, ते सवयीनंच गेलं. त्यासरशी तांबडीनं कठड्यावर पाय टाकले आणि समुद्रात उडी घेतली.

एक खलाशी दोरी घेऊन धावला. तांडेलानं त्याचा हात धरला.

तांबडी पोहत गेली. लाल डोकं वर-खाली होत वाळूला लागलं. ती बाहेर आली, अंग झाडलं आणि कुणी गळ्याखाली खाजवावं तशी मान ताणून उभी राहिली. तिच्यासमोर वाळूशिवाय काही नव्हतं. थोड्या वेळानं ती झुडपांकडं निघाली. मोकळं जनावर चालतं तशी नाही. कुणाच्या तरी टाचेला धरून चालावं तशी, एक पाऊल मागं.

उन्हं उतरल्यावर वारा आला आणि पडाव हलला. बेट मागं पडल्यावरच तांडेलानं तोंड उघडलं. काही वर्षांपूर्वी त्या बेटाच्या खडकावर एक पडाव फुटला होता. खलाशी बुडाले. शेरडं सांभाळायला घेतलेला एक घाटावरचा माणूस तेवढा बेटाला लागला. पण तिथं गोडं पाणी नाही, आणि कुणाला पत्ता लागेपर्यंत फार उशीर झाला. लोक उतरले तेव्हा झुडपाखाली एक काळी घोंगडी पसरलेली होती आणि तिच्याभोवती शेरडांची हाडं. माणूस कुठंच नव्हता. तेव्हापासून तिथून जाणारा प्रत्येक पडाव पाणी सोडून जातो. त्या माणसाचं नाव तांडेलाला ठाऊक नव्हतं. नाथाजीनंही सांगितलं नाही.

गावी आल्यावर चार दिवस तो नुसता मेंढरांमागं फिरत राहिला. भामाबाई भाकरी वाढायची आणि समोर बसून राहायची. शेवटी त्यानं ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. पडाव फुटल्याचं ऐकताना ती हलली नाही, घोंगडीचं ऐकतानाही नाही. घोंगड्या तर सगळ्याच काळ्या.

"तांबडी उतरली?" तिनं विचारलं.

"उतरली, वैनी. आन् मागनं चालत गेली."

"तुमी बगितलं?"

"या डोळ्यांनी."

भामाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "ती त्यांच्याबिगर कुणाच्या मागनं जात न्हाई." एवढंच. रडली नाही.

नानासो हा भावकीतला वडीलधारा. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. शेरडाच्या साक्षीवर बाईला विधवा कसं म्हणायचं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी टँकर आला. भामाबाईनं आपल्या वाटणीची घागर भरून डोक्यावर घेतली, पण घराकडं वळली नाही. ती बिरोबाच्या देवळामागच्या माळावर गेली, आणि रांगेतल्या बाया, मागोमाग नानासो आणि नाथाजी असे सगळे तिच्या मागनं गेले. तिनं घागर उतरवली आणि सगळं पाणी कोरड्या जमिनीवर ओतलं. सावकाश, एका धारेनं, कुणाच्या तरी ओंजळीत ओतावं तसं.

त्या वर्षात पाण्याचा थेंब सांडला तरी भांडणं व्हायची. त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. जमिनीनं पाणी ओढून घेतलं, तरी भामाबाई रिकामी घागर तशीच वाकडी धरून उभी होती. नंतर तिथंच दगडावर तिनं बांगड्या फोडल्या. नानासोनं डोक्याचं मुंडासं काढलं आणि खाली बसला.

पाट पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात लागला. तोवर नाथाजी आणखी वाळला होता. मेंढरांना तो आता बापाची हाक घालत नसे, काठी आपटून काम भागवायचा. हाक घातली की आपण उत्तरासाठी थांबतो, हे त्याला कळून चुकलं होतं. व्यापाऱ्याचा माणूस दिवाळीला बोलवायला आला तेव्हा तो माळावर निघून गेला होता.

भामाबाईला कुंडलला पोचवायला तोच निघाला, पण एसटीपाशी तिच्या भावानं पेटी घेतली आणि आता मी नेतो म्हणाला. गाडीला वेळ होता. भामाबाई नव्या लुगड्यात अवघडून उभी होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं,

"भावजी, तितं सावली हाय का?"

नाथाजीला बेटासमोरची ती भर दुपार आठवली.

"हाय, वैनी. झुडपाखाली हाय थोडी."

तिनं मान हलवली, पदर सावरला आणि गाडीत चढली.