तब्येत उत्तम आहे

मित्रांनो, ट्रंकेच्या तळाशी, लोकरीच्या स्वेटरखाली जो चपटा निळा टेप पडलाय ना, तो मी. जुना झालोय, एक बटण तुटलंय, पण हसू नका. माझे भाऊबंद आमच्या देशात एके काळी घरोघर होते. गाणी लावायला नव्हे हं, परकी भाषा शिकायला! एखादं वाक्य अडलं की माझं मोठं बटण दाबायचं. मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचो, शंभरदा म्हणायचो, कधी कंटाळलो नाही. तुमचा आवाज भरून घेऊन तुम्हालाच ऐकवायचो.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात मुलींनी माझ्या तारा जोडल्या. तिथून आगगाडीने मी उत्तरेतल्या एका तालुक्याच्या बाजारात आलो. सफरचंदांची बाग असलेल्या एका म्हाताऱ्याने मला हातात घेतलं. दुकानदार म्हणाला, "बोलून बघा की." गडी लाजला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "यंदा सफरचंद बरं आलंय." मी ते जसंच्या तसं म्हटलं. तसा तो खुदकन हसला. "अरे, बोलतंय की बेटं! द्या बांधून. लेकीला पाहिजे."

लेक म्हणजे युएलान. दालियन या समुद्रकाठच्या शहरात मासे साफ करायच्या कारखान्यात ती कामाला होती. धाकट्या भावाच्या, जूनशंगच्या शिक्षणासाठी तिला शाळेतून काढलं होतं. ते बाच्या मनाला कायम डाचायचं. आमच्याकडे कॉलेजची पायरी न चढता पदवी मिळते. आपलं आपण शिकायचं, एकेका विषयाची परीक्षा द्यायची, पास झालं की त्याचे श्रेयांक जमा. युएलानने जपानी घेतलं. शिकवायला कोणी नाही. मास्तर काय तो मीच!

कामगार मुलींच्या खोलीत तिची फार थट्टा व्हायची. खालच्या पलंगावरची छाईफंग म्हणायची, "आल्या बघा जपानी बाई! बाई, आधी हाताचा मासळीचा वास घालवा." युएलान हसायची आणि माझं बटण दाबायची. वर्षं गेली, एकेक विषय पदरात पडला. शेवटी राहिली ती तोंडी परीक्षा. ती वर्षातून एकदाच. बाने फोनवर सांगितलं होतं, "तू पदवी घे पोरी, म्हणजे मी सुटलो." कुटुंबाची माहिती हमखास विचारतात, म्हणून तिने वाक्यं बसवली होती. माझे वडील सफरचंदांची बाग सांभाळतात. त्यांची तब्येत उत्तम आहे. ती म्हणायची, मी तिला ऐकवायचो, ती पुन्हा म्हणायची.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी दुपारी युएलान कामावर असताना जूनशंग खोलीवर आला. हातात इंजेक्शनांची पिशवी. मी उशीशी पडलो होतो. तो मटकन बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

छाईफंग घाबरली. "अरे, काय झालं? सांग तरी!"

"बाचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस. ही इंजेक्शनं न्यायला शहरात आलो, पाय आपोआप इकडे वळले."

"मग बसलास काय? चल, तिला बोलावते. संध्याकाळची गाडी मिळेल."

"नाही!" त्याने तिचा हात धरला. "बाने शपथ घातलीय. तिचा पेपर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तू पण बोलू नकोस, पाया पडतो तुझ्या."

"अरे मेल्या, तिचा बाप आहे तो!"

"त्याचीच इच्छा आहे ना ही. माझ्यापायी तिची शाळा गेली. आता हेही माझ्याच तोंडून घालवू?"

परीक्षेला बसलेल्या माणसाला घरची वाईट बातमी कळू द्यायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. छाईफंगने त्याला आल्या पावली गाडीला पाठवलं.

आणि मी? ऐकलेलं परत म्हणणं एवढंच माझं काम. पण कुणी बटण दाबल्याशिवाय माझा आवाज निघत नाही. संध्याकाळी युएलान आली, तिने बटण दाबलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं, तब्येत उत्तम आहे. शनिवारी सुट्टी होती. दुपारभर आमचं तेच चाललं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी छाईफंगने एक तळलेली पिठाची कांडी आणि दोन अंडी ताटलीत मांडली. एकावर दोन शून्यं, म्हणजे शंभर मार्क. मांडताना एक अंडं तिच्या हातून दोनदा निसटलं. युएलान म्हणाली, "तुलाच परीक्षेला बसायचंय जशी!"

परीक्षकांनी वडिलांबद्दलच विचारलं. ती न अडखळता बोलली. बाहेर येताच तिने बासाठी मऊ केक घेतला, मला पिशवीत टाकलं आणि थेट गावची गाडी पकडली. घराच्या फाटकावर पांढरे कागद लावलेले होते, आमच्याकडे मयत झालं की लावतात तसे. ती तिथेच थांबली. जूनशंग धावत आला आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसला.

"कधी?" तिने विचारलं.

"काल दुपारी, ताई."

"माझी आठवण काढली?"

"पाऊल वाजलं की विचारायचा, आली का? मग आपणच म्हणायचा, नको, नको, पेपर आहे तिचा."

युएलान केक फाटकाशी ठेवून खाली बसली. बाच्या नावाने तिने जो हंबरडा फोडला, तो मला कधीच परत म्हणता येणार नाही.

ती पास झाली. पदवी आली, ऑफिसात खुर्ची मिळाली. दिवसभर जपानी बोलते. मला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही. माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. घरी कुणी शेवटच्या घटका मोजत असेल, तर लेकराला सांगा. त्याचा पेपर बुडेल, बुडू द्या. तो पुढच्या वर्षी पुन्हा देता येतो.