काळीज म्हणतात ते मीच

मित्रांनो, मी एक जुनं यकृत आहे. साध्या बोलीत काळीज. तुम्ही काळीज म्हणता आणि हात मात्र छातीवर डावीकडे ठेवता. काळीज तुटणं, काळजाला हात घालणं, सगळा मान त्या धडधडणाऱ्या शेजाऱ्याने लाटला. विश्वास बसत नसेल तर खाटकाकडे काळीज मागून पाहा. तो माझाच भाऊबंद तोलून देईल. मी उजवीकडे, बरगड्यांच्या आड, गाजावाजा न करता राबत असतो.

माझा जन्म एका शिंप्याच्या पोटातला. रक्त शुद्ध करणं, पित्त बनवणं, साखर साठवणं, कुठल्याच कामात मी कसूर केली नाही. खोट एकच. मी बनवतो त्यातलं एक प्रथिन जन्मापासून वाकडं. ते वर्षानुवर्षं नसांवर साचत जातं आणि हातापायांची संवेदना हळूहळू जाते. शिंप्याच्या वडिलांना त्यानेच अंथरुणाला खिळवलं आणि शेवटी नेलंही. पुढे एकदा शिंप्याच्या बोटात सुई रुतली, तेव्हा त्याला ती टोचलीच नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त दिसलं, तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "यकृत बदलू. वाकडं प्रथिन बनायचं थांबेल."

शिंप्याच्या आईने धसकाच घेतला. "काळीज बदललं तर त्याची आमच्यावर माया राहील का हो?"

"आजी, काळीज बदलतोय, पोरगा तोच राहणार," बाई म्हणाल्या. मला ऐकून बरं वाटलं. निदान एका म्हातारीला तरी माझं खरं नाव ठाऊक होतं.

मग बाईंनी शिंप्याला दुसरी गोष्ट विचारली. काढलेलं यकृत, म्हणजे मी, दुसऱ्या कुणाला दिलं तर चालेल का? पावाची भट्टी चालवणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्या यकृतात गाठ होती आणि नव्या यकृतासाठी त्यांचा नंबर लागेपर्यंत त्या टिकतील असं कुणाला वाटत नव्हतं.

शिंप्याने नकारार्थी मान हलवली. "खोट असलेला माल मी गिऱ्हाइकाला देत नाही. माझ्या वडिलांचे हाल मी बघितलेत."

माझ्यावर एवढा अविश्वास! मला राग आला. पण त्याचंही चुकत नव्हतं.

बाईंनी ते जसंच्या तसं मावशींच्या कानावर घातलं, नाव न सांगता. मावशींनी विचारलं, "ही खोट मला कधी नडेल?"

"दहाएक वर्षांनी पायांना मुंग्या येतील. कदाचित आधीही. खात्री देत नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

बाईंनी गाठीचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला.

"मग त्याला सांगा, गिऱ्हाईक खोट बघून माल घेतंय. करपला म्हणून मी पाव कधी फेकला नाही. खरवडते आणि खाते."

शिंपी हसला आणि तयार झाला.

एका ट्रकचालकाला अपघातात मरण आलं. त्याच्या भावाने डोळे पुसत यकृत द्यायला होकार दिला. ते शिंप्याला बसलं आणि मी शेजारच्या खोलीत मावशींच्या पोटात गेलो. शिंप्याचा आजार जागीच थांबला. बोटांची गेलेली संवेदना पूर्ण परत आली नाही, पण तो पुन्हा शिवू लागला. शुद्धीवर येताच तो आईवर खेकसला, तेव्हा कुठे म्हातारीचा जीव भांड्यात पडला!

मी तर मावशींकडे पहिल्याच दिवशी कामाला लागलो. त्यांची कावीळ उतरली, भूक परतली, भट्टी पुन्हा पेटली. मुलीचं लग्न झालं, नात झाली, ती नात कणीक मळायला शिकली. माझ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. चांगलं चाललं की आमची आठवण कुणाला होते?

परवा मात्र मावशींच्या तळपायाला मुंग्या आल्या. तपासणीत माझंच प्रथिन निघालं. मुलगी रडू लागली. आता त्या प्रथिनाला आवर घालणारी औषधं निघाली आहेत, ती बाईंनी लगेच सुरू केली. तरी मी मनातून खट्टू झालो.

मित्रांनो, आम्हाला जपा. आणि आपल्यानंतर आपलं काय कुणाला द्यायचं, ते घरच्यांना हसत्याखेळत्या दिवशीच सांगून ठेवा. एका भावाच्या होकाराने दोन घरं उभी राहिली, हे मी आतून पाहिलंय.

मावशींनी मात्र तळपाय चोळत मुलीला जवळ घेतलं. "रडतेस काय वेडे? मुंग्या यायला माणूस जगावा लागतो. मी जगले."