दोनशे चौदा

मित्रांनो, मी विटेएवढा, सिमेंटचा एक जुना ठोकळा आहे. माझ्या अंगावर २१४ हा आकडा आहे. दुसरं काही नाही. एका मनोरुग्णालयामागच्या दफनभूमीत मी पडून आहे.

मला घडवलं गवंडीकाकांनी. ते तिथलेच रुग्ण. लाकडी साच्यात सिमेंट ओतून ते थापीने आम्हाला हलक्या हाताने सारखं करत. एकदा त्यांनी मुकादमाला विचारलं, "यावर नाव का नको?"

"घरच्यांना लाज वाटते, काका. आकडा पुरे."

"मेल्यावरसुद्धा?" काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा थापी हातात घेतली नाही.

खरं तर काका बरे होऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी त्यांच्या घरी तीन पत्रं धाडली. न्यायला कोणी आलं नाही. "गाडी चुकली असेल त्यांची," असं काका हसून म्हणायचे आणि फाटकाकडे बघत राहायचे. एका हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन ते गेले. रचून ठेवलेल्या ठोकळ्यांत पुढचा आकडा माझाच होता. मला त्यांच्या उशाशी रोवलं.

पुढे रुग्णालयाला टाळं लागलं. गवत कापायच्या यंत्राला अडथळा नको म्हणून आम्हा सगळ्यांना आडवं पाडलं. अंगावर माती चढली, मुळांनी मला आवळून धरलं. वरून पावलं जायची, पण मला हाक मारता येत नव्हती. किती वर्षं गेली कोण जाणे!

मग एका दुपारी, तिथला पहारेकरी जमीन टोचत असताना, त्याची लोखंडी सळई माझ्यावर टण्णकन आपटली. जुन्या नोंदवहीतून माझा आकडा उतरवून आणलेली एक म्हातारी बाई गुडघे टेकून हातांनी माती उकरू लागली. ती काकांची लेक.

"आई सांगायची, बाबा परगावी वारले," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "आई गेल्यावर ट्रंकेत डॉक्टरांची पत्रं सापडली. तिन्ही फोडलेली."

तिने रुमालाने माझा आकडा पुसला.

"हा उभा करता येईल का?"

"परवानगी लागते, आजी."

"मग आणते."

ती अजून आलेली नाही. गवत पुन्हा माझ्यावर झुकू लागलं आहे. माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर, २१३ अजून मातीखालीच आहे.

मित्रांनो, अशा जागी आलात तर जपून पाऊल टाका. आणि तुमच्या घरातलं कोणी असं दूर राहिलं असेल, तर आजच मोठ्यांना विचारा, "त्यांना आणायला कधी जायचं?"