शेवटची ओळ

चष्म्याच्या दुकानाबाहेर लेकीने पाटी लावली ती चांगली डोकं लढवून. वर तळहाताएवढी अक्षरं, खाली उतरता उतरता मुंगीएवढी, आणि शेवटच्या ओळीत: 'हे वाचता येत नसेल तर आत या. तपासणी फुकट, गरज असेल तर चष्माही.'

"ज्याला वाचता येत नाही, त्याला कळणार कसं?" समोरच्या चांभाराने खोडी काढली.

"शेजारी उभा असलेला वाचून दाखवेल की."

झालंही तसंच. लोक थांबत, हसत, एकमेकांना वाचून दाखवत आणि बरोबरच्याला आत ढकलत. आठवड्यात दुकानाचं नाव झालं, गिऱ्हाईकही वाढलं. खुशीच्या भरात तिने आतला बाबांच्या वेळचा पिवळा पडलेला अक्षरांचा तक्ता काढून एका सकाळी नवा टांगला.

पहिली तपासणी आईकडे असायची. बावीस वर्षं आई छडी घेऊन तक्त्याशी उभी राहत आली होती. एरवी कागद पुढे केला की म्हणायची, "माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे, तूच वाच." चष्म्याच्या दुकानात चष्मा सापडत नाही, हा घरातला जुना विनोद.

दुपारपर्यंत तेरा जण आले आणि तेराही नापास. गावाचे डोळे एकदम गेले की काय, असं लेकीला वाटलं. चौदावा बसचा ड्रायव्हर होता. तो घामाघूम झाला होता.

"काकू, तिसऱ्यांदा सांगतो. र, म, त."

"चूक."

"हा कागद डेपोत द्यायचाय हो. नापास झालो तर स्टिअरिंग हातातून जाईल."

लेक उठून आली. छडी 'र'वर होती. "आई, र आहे तो."

"क आहे," आई ठामपणे म्हणाली. "क, ग, ल."

आई सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. तिच्या डोळ्यांत खोट नव्हती. क, ग, ल ही जुन्या तक्त्याची तिसरी ओळ होती. शाळेची प्रगतिपुस्तकं, लग्नपत्रिका, औषधांच्या बाटल्या, सगळ्यांपुढे आईचं तेच हरवलेल्या चष्म्याचं वाक्य होतं आणि सगळं घर त्यावर खो खो हसत आलं होतं. तिला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

तिने ड्रायव्हरला नवा कागद लिहून दिला. तो निघाला, मग दारातून परत आला आणि हळूच म्हणाला, "गाडीवर पाटी असते, तरी निम्मी माणसं मलाच विचारतात, कुठे जाते. चष्मा घरी राहिलेला असतो सगळ्यांचा."

लेकीने त्या तेरा जणांना फोन करून परत बोलावलं. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली.

"तुझ्या बाबांनी तक्ता पाठ करून घेतला होता," ती म्हणाली. "दुकानात बसता यावं म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पहिलीत मोठ्याने वाचायचीस, तेव्हा सांगणार होते. मग तू दुसरीत गेलीस."



बाहेरची पाटी चार दिवसांत बदलली. तिच्यावर आता एकही अक्षर नव्हतं, फक्त एक चष्मा आणि एक दगडी पाटी यांची चित्रं. ही कल्पना आईची. पत्ता सांगायचं काम ड्रायव्हरने बसमध्ये आपणहून उचललं.

अक्षरओळखीच्या वर्गाच्या पहिल्या सकाळी दुकान उघडायच्या आधी सहा स्टुलं मांडून झाली. सगळ्यांच्या आधी आई येऊन बसली. लेकीने छडी सर्वांत वरच्या, सर्वांत मोठ्या अक्षरावर ठेवली.

"हे काय आहे, आई?"

आईचा हात सवयीने डोक्याकडे गेला. "माझा चष्मा..." ती म्हणाली आणि थांबली. मग तिने हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि लेकीकडे बघत म्हणाली, "येत नाही मला. सांग."