बाजूच्या जाळीतला गोल

"गोल न्हाय! गोल न्हाय, साहेब! बॉल भायेरनं आत आला!"

ढोकीचा गोलकीपर कृष्णराज हातमोजे काढत अंगावर धावून आला, तोवर नबीलालने शिट्टी वाजवून मध्यरेषेकडे हात केलेला होता.

"बाजूची जाळी फाटलीया. चला, दावतो. येकदा बघा तरी!"

नबीलालने लाइनमनकडे पाहिलं. तो झेंडा खाली धरून मध्यरेषेकडे पळत निघाला होता. म्हणजे त्याच्या मते गोल होता. नबीलाल स्वतः बराच मागे राहिला होता. ढोकीच्या कॉर्नरवरून चेंडू सुटला, उमरग्याची पोरं वाऱ्यासारखी उलटी पळाली आणि त्रेपन्न वर्षांच्या गुडघ्यांना ते अंतर काही तोडता आलं नाही. उमरग्याच्या शरणबसप्पाने उजवीकडून मारलेला चेंडू त्याला पायातून सुटताना दिसला, आणि मग एकदम जाळीत दिसला. मधलं काहीच दिसलं नव्हतं.

"गोल," तो म्हणाला. "मागं सर, न्हाय तर कार्ड काढीन."

कृष्णराज सरला नाही. नबीलालने खिशातून पिवळं कार्ड काढून त्याच्या तोंडासमोर धरलं. कडेला उमरग्याचे पाच-सहाशे लोक नाचत होते. ढोकीच्या बाजूने एक चप्पल आली, ती त्याच्या पायापाशी पडली. अजून दोन मिनिटं खेळ उरला होता. तो कसाबसा संपला. उमरगा एक, ढोकी शून्य.

लोक शरणबसप्पाला खांद्यावर घेऊन हायवेकडे गेले. मैदान रिकामं झाल्यावर नबीलाल एकटाच त्या गोलपोस्टपाशी गेला. खांबाजवळ जाळीचे दोर तुटले होते. त्याने भगदाडात हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला.

मॅच सुरू होण्याआधी जाळी हाताने ओढून बघायची असते. बावीस वर्षं तो ती बघत आला होता. त्या दिवशी त्याने लांबूनच नजर टाकली होती, कारण हे मैदान त्याच्या गावचं, रोजचं होतं.

नबीलालचं उमरग्यात हायवेला टायरचं दुकान. हैदराबादकडे जाणारे ट्रक त्याच्या दारात थांबत. आठवडाभर तो पंक्चर काढायचा आणि रविवारी काळा शर्ट घालून जिल्हा लीगच्या मॅचला शिट्टी वाजवायला जायचा. लीगमध्ये तीन डिव्हिजन. ए मध्ये आठ संघ, बी मध्ये आठ, आणि सी मध्ये जेवढी गावं येतील तेवढी. दर साली शेवटचा संघ खाली उतरायचा आणि खालचा पहिला वर चढायचा. रेफ्रींचंही तसंच. नबीलाल सी पासून सुरुवात करून ए पर्यंत पोचला होता, आणि गेली अकरा वर्षं तिथंच होता. आयुष्यात वर चढलेली त्याची ही एवढीच शिडी.

त्या संध्याकाळी दुकानातल्या बाकड्यावर बसून त्याने मॅचचा रिपोर्ट लिहिला. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'ढोकीविरुद्ध दिलेला गोल चुकीचा होता. चेंडू बाहेरून फाटक्या जाळीतून आत गेला. गोलकीपरची तक्रार खरी होती. जाळी तपासली नाही, ही चूक माझी.' खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी लीगचे सेक्रेटरी सोमलिंग सर यांचा फोन आला.

"नबीलाल, हे काय लिहिलंय तुम्ही?"

"झालं ते लिहिलं, सर."

"अहो, रेफ्रीचा निर्णय शेवटचा असतो. मॅच काही परत होणार नाही. मग हे लचांड गळ्यात कशाला घेता? दुसरा रिपोर्ट पाठवा, साधा."

"मॅच परत होणार न्हाय हे मलाबी माहीत आहे. पण ढोकीवाल्यांना कळाय पायजे का न्हाय, की त्यांचं खरं होतं?"

"ते आम्ही बघतो," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

लीगच्या कमिटीत उमरगा क्लबचा अध्यक्ष समदही बसायचा. समदचे अठरा ट्रक होते आणि त्यांचे सगळे टायर नबीलालच्या दुकानात यायचे. मीटिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो दुकानापुढे गाडी उभी करून खाली उतरला. बसला नाही.

"नबीभाई, आपल्याच गावाच्या तोंडावर थुंकलाव तुम्ही."

"गावाचं नाव तरी घेतलं का मी? माझीच चूक लिहिली."

"पोरांनी जिंकलेली मॅच चोरीची ठरवली, अजून काय करायचं राहिलं? आता ए डिव्हिजन विसरा. कमिटीनं तुम्हाला सी मध्ये टाकलंय. वाशीला जा शिट्टी फुंकायला." गाडीत बसता बसता तो म्हणाला, "आणि माझ्या गाड्यांची वाट बघू नका."

गाड्या खरंच बंद झाल्या. रोज समोरून जायच्या, हॉर्न वाजवत. शरणबसप्पा एरवी काका म्हणायचा, तो तोंड फिरवू लागला. एका सकाळी शटरवर ऑइल पेंटने 'ढोकीचा जावई' लिहिलेलं सापडलं. नबीलालने ते रॉकेलने पुसलं, तर दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्या अक्षरात होतं.

घरातही त्याला सुख नव्हतं. "सगळं मैदान गप बसलं," त्याची बायको हसीनाबी म्हणायची, "तुमालाच काय कढ आला? हात घातला होता ना भोकात, तसाच काढून घरी यायचं." बोलायची आणि बोलता बोलता काळा शर्ट धुऊन दोरीवर टाकायची.

"मग सोडून तरी द्या ते. ह्या वयात सी डिव्हिजन!"

"सोडलं तर समद म्हणंल, भ्यालं."

"मग म्हणू दे की!"

त्याने सोडलं नाही. पहाटेची एसटी धरून तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा. ढेकळांच्या मैदानांवर फक्कीच्या रेषा स्वतः मारायचा. मार्चमध्ये ए डिव्हिजनचा निकाल पेपरात आला. ढोकी शेवटून पहिली. वरच्या संघापेक्षा एक गुण कमी. नबीलालने तो तक्ता दोनदा वाचला आणि पेपर टायरखाली सारला.

एप्रिलमध्ये एका दुपारी, ऊन मी म्हणत असताना, कोणीतरी हायवेवरून ट्रकचं चाक ढकलत दुकानात आलं. घामाने निथळलेला क्लीनर. त्याने चाक आडवं पाडलं, मान वर केली आणि जागच्या जागी थांबला. कृष्णराज होता.

"तुमचं दुकान हाय व्हय हे?" तो म्हणाला. "दुसरं कुठं हाय?"

"दोन किलोमीटर पुढं."

कृष्णराजने चाक पुन्हा उभं केलं. पण उन्हाकडे बघून त्याचे हात ढिले पडले. "काढा पंक्चर," तो म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

नबीलालने टायर उचकटायला घेतला. "तू ट्रॅक्टरच्या एजन्सीत होता ना? गाड्या पोचवायला?"

"व्हतो की." तो गर्रकन वळला. "दिग्विजय मालकानं टीम काढली व्हती, त्येंच्याच एजन्सीत व्हतो. त्या मॅचनंतर हाकललं. म्हनले, उमरग्यावाल्याकडनं खाल्लं आन् गोल सोडला. वर जाळीचं नाटक केलं. सारं गाव त्येच म्हनतंय. आई गिरणीत दळण घिऊन गेली तर बाया इचारत्यात, पोराला किती मिळालं म्हनून."

नबीलालचा हात थांबला. "पण मी लिहून दिलं होतं."

"काय लिहून दिलंतं?"

"गोल चूक होता म्हणून. तुझं खरं होतं म्हणून. त्याच दिवशी. कमिटीनं तुमाला कळवलं न्हाय?"

"कमिटीचा कागद आला, त्यात येकच वळ. रेफ्रीचा निर्णय अंतिम." कृष्णराज त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात मऊपणा कुठेच नव्हता. "लिहिलं आन् झोपी गेलाव. व्हय ना?"

नबीलालने टायर बसवला, हवा भरली. पैसे घेतले नाहीत तर कृष्णराजने ते बाकड्यावर आपटले आणि चाक ढकलत तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नबीलालने दुकान उघडलं नाही. दोन एसट्या बदलून तो ढोकीला पोचला. चौकातच ट्रॅक्टरची एजन्सी होती. समोर हॉटेल, हॉटेलात नेहमीची माणसं. दिग्विजय काउंटरवर होता. नबीलालने नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा ताठला.

"काय काम काढलं?"

"कृष्णराजनं गोल सोडला नव्हता. चेंडू बाहेरून आला होता. मी स्वतः जाळी बघितली."

"आता सांगताव?" दिग्विजय खुर्चीतून उठला. "लीग संपली. आमी खाली गेलो. म्या टीम बंद केली, जर्श्या वाटून टाकल्या. आता काय आमच्या मयताला आलाव?"

"टीमचं मला काय करता येत न्हाय. ह्या पोराचं नाव तरी साफ करता येतं, म्हणून आलो."

"त्येच्या जाग्यावर दुसरा मानूस घेतलाय. त्येला काय घरी जा म्हनू?"

"तुमच्या एजन्सीचं तुम्ही बघा. त्यानं पैसे खाल्ले न्हाईत, एवढंच सांगाय आलो."

आवाज ऐकून दारात माणसं जमली. रेफ्री आलाय ही बातमी चौकातून कृष्णराजच्या घरापर्यंत गेली असावी, कारण थोड्याच वेळात गर्दीतून एक वाळकी, उंच बाई पुढे आली. मागून कृष्णराज तिला अडवत होता. "आई, चल घरी. तमाशा नको."

ती कडूबाई. तिने नबीलालला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का त्ये शिटीवालं?"

"व्हय."

"आत्ता काय म्हनला, आजून येकदा म्हना. भायेर या. मोठ्यानं म्हना. त्या हाटेलात बसल्यात, त्यास्नी ऐकू जाऊ द्या."

नबीलाल पायऱ्या उतरून चौकात आला. बावीस वर्षं त्याने मैदानावर शिट्टी वाजवली होती, ओरडायची वेळ कधी आली नव्हती. पहिल्या शब्दाला त्याचा आवाज फाटला.

"मी नबीलाल. उमरग्याचा. त्या मॅचचा रेफ्री. गोल झालाच नव्हता. चेंडू बाजूच्या फाटक्या जाळीतून आत आला. कृष्णराज मला तेच सांगत होता आणि मी त्यालाच कार्ड दाखवलं. त्यानं कुणाचं काही खाल्लं न्हाय. चूक माझी आहे."

हॉटेलातून कोणीतरी शीळ घातली. "मग चार महिने काय झोपला व्हता का, आंधळ्या?" दोघंतिघं हसले. एकजण मोबाइल वर धरून शूटिंग करत होता. कडूबाईने हॉटेलातल्या एकेका तोंडाकडे सावकाश बघून घेतलं. मग पदर खांद्यावर ओढला.

"जावा आता," ती नबीलालला म्हणाली.

कृष्णराज स्टँडपर्यंत त्याच्या मागे मागे आला, दहा पावलं अंतर ठेवून. एसटी लागली तेव्हा म्हणाला, "सगळी म्हनाय लागली तवा मलाबी वाटलं, आपल्यालाच भास झाला आसंल. बॉल म्होरनंच आला आसंल. चार महिनं माज्याच डोळ्यावर इस्वास ठिवला न्हाय म्या." मग तो वळून चालायला लागला.

पुढच्या रविवारी सी डिव्हिजनची शेवटची मॅच, वाशी विरुद्ध भूम. नबीलाल पोचण्याआधी ढोकीचं शूटिंग तिथं पोचलेलं होतं. तो मैदानात उतरला तसा ओरडा सुरू झाला.

"मामा, आज कुणाची माफी मागणार?"

"उद्या चूक हाय म्हननार, त्यापरीस आजच फिरव!"

प्रत्येक फाउलला तेच. चिल्लीपिल्ली पोरंसुद्धा त्याला आंधळा म्हणत होती. पाय जड झाले होते, तरी तो पळत राहिला. उत्तरार्धात वाशीच्या कॅप्टनने, उत्तरेश्वरने, गोलच्या तोंडाशी भूमच्या पोराला मागून आडवं केलं. नबीलालने शिट्टी वाजवून पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केलं.

उत्तरेश्वर त्याच्या छातीला छाती लावून उभा राहिला. "मागं चुकला व्हता ना? सोत्ताच वरडून सांगितलं की. मग हितंबी चुकला आसशील. फिरव."

"मागं चुकलो होतो," नबीलाल म्हणाला. "आज न्हाय. बाजूला सर."

पाठीत एक ढेकूळ बसलं आणि फुटलं. तो वळला नाही. ठिपका पुसट झाला होता. त्याने वाकून चेंडू त्याच्यावर ठेवला, मागे सरला आणि शिट्टी वाजवली. भूमने गोल केला आणि मॅच तेवढ्यावरच संपली. कोणीही त्याच्याशी हात मिळवला नाही. जिंकलेल्यांनीही नाही. अशा रेफ्रीचा हात धरलेला त्यांनाही नको होता.

मैदानाच्या कोपऱ्यात हापसा होता. नबीलालचा घसा कोरडा पडला होता, मानेवर माती होती. पोरं जीपमध्ये चढत होती, काही टपावर बसून बघत होती. हापशाला दोन माणसं लागतात, एक दांडा मारायला, एक तोंड लावायला. नबीलालने चौफेर बघितलं. कोणी जागचं हललं नाही.

त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि जोराने सात-आठ वेळा हापसला. पाणी आलं तसा दांडा सोडून लगबगीने पुढच्या बाजूला गेला, वाकून ओंजळ धरली. दीड ओंजळ मिळाली, मग धार बारीक होत थांबली. टपावरून हसल्याचा आवाज आला. तो परत मागे गेला, परत हापसला, परत पुढे आला. या वेळेला मान धुतली. तिसऱ्या वेळेला पाणी प्यायला. जीप धुरळा उडवत निघून गेली, तेव्हा तो चौथ्यांदा दांडा मारत होता.